साडेआठ किलोवॅटची आंघोळ

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात असतो. मागच्या वर्षी गणपतीला तो गावी, गडबच्या घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली एक पांढरं खोकं होतं आणि खोक्यात इलेक्ट्रिक शॉवर. हा भिंतीवर लावायचा. नळाचं गार पाणी त्यात शिरतं आणि गरम होऊनच डोक्यावर पडतं. साठवणीची टाकी नाही, पाणी तापायची वाट बघणं नाही. तिकडे घरोघरी असतो म्हणे.

त्याचा हेतू चांगला होता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे. आदल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि तिचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. तरी ती गॅसवर पातेलंभर पाणी तापवायची, डाव्या हाताने ते कमरेशी टेकवायची आणि स्वयंपाकघरातून मागच्या न्हाणीघरापर्यंत न्यायची. मी रोह्याला राहते. कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. रविवारी स्कूटीवर गडबला येते तेवढंच. मी तिला रागावून थकले होते. भावाने फोनवर खांद्याची गोष्ट ऐकली होती आणि मनात हीटर पक्का केला होता, पण ते वाफाळतं पातेलं प्रत्यक्ष बघून तो पांढराफटक पडला.

दहा दिवसांत तो परत गेला. खोकं तसंच राहिलं. निघताना मला म्हणाला, "ताई, एखादा वायरमन बोलव. तासाभराचं काम आहे. एक पाइप, एक वायर."

एक पाइप, एक वायर. हे चार शब्द पुढचे सहा महिने माझ्या डोक्यात वाजत राहिले.

पहिला वायरमन मी पेणहून आणला. दुकानदारानेच नाव सुचवलं होतं. त्याने खोकं उघडलं, शॉवर उलटासुलटा केला आणि म्हणाला, "हा तर गिझरच हाय. फ्रीजच्या पॉइंटावरून वायर मारतो. अर्ध्या तासात होईल."

मी खोक्यावरचा आकडा दाखवला. साडेआठ किलोवॅट. म्हणजे पस्तीस अँपिअरच्या वर. फ्रीजचा पॉइंट पंधराचा, आणि त्याच्यामागची वायर माझ्या लग्नाच्याही आधीची. लॅबमध्ये आमच्या भट्ट्या असतात, तेवढं गणित मला येतं.

"कंपनीवाले वाढवूनच लिहितात," तो म्हणाला. "एवढा कुठे करंट खातो? माणसाच्या आंघोळीला?"

"आणि वायर तापली तर?"

"तापली तर बंद करायची."

मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. आई नाराज झाली. घरात आलेला माणूस काम न करता गेला हे तिला आवडलं नाही. शेजारून काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ. उभं आयुष्य मिठागरात गेलं, पण तरुणपणी एका ठेकेदाराबरोबर फिरून ते वीजजोडणी शिकले होते, आणि आमच्या घराची सगळी वायरिंग त्यांच्याच हातची. ते म्हणाले, "मना सांगायचा होता. मी जोडला असता. इतकी वर्सं माझ्या वायरीला काय झाला काय?"

वडील गेल्यावर आईला शेजारी त्यांचाच आधार होता. मी नुसतं "बघते काका" म्हटलं.

दुसरा वायरमन शोधायला दोन महिने गेले. कोणी यायचं कबूल करून येत नसे, कोणी फोनवरच "किती किलोवॅट?" विचारून फोन ठेवायचा. एक जण म्हणाला, "मॅडम, बंब घ्या. लाकडं पण मिळतील." शेवटी लॅबमधल्या एका बाईने आपल्या दिराचा नंबर दिला. हा माणूस डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होता, आणि शिफ्ट नसेल त्या रविवारी घरगुती कामं करायचा. पन्नाशीचा, बारीक, खिशाला दोन टेस्टर. खोक्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. आधी मीटर बघितला, मग मेन स्विच, मग घरातला एकेक बोर्ड उघडत गेला. मला वाटलं, आता हाही दिवस घालवणार.

मग त्याने एक साधा बल्ब दोन वायरींना जोडून फ्रीजच्या शेजारच्या सॉकेटात घातला. एक टोक फेजला, एक न्यूट्रलला. बल्ब पेटला. मग न्यूट्रलवरचं टोक काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या भोकात घातलं. बल्ब नुसता लालसर झाला.

"अर्थिंग कुठे हाय तुमची?" त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. अर्थिंग भिंतीच्या आत कुठेतरी असतेच, अशी माझी समजूत होती. तो न्हाणीघरात गेला. सपाता काढल्या नाहीत. टेस्टरचं टोक त्याने नळाला लावलं.

टेस्टर पेटला. नळावर. भर दिवसा नीट दिसला नाही म्हणून त्याने हाताचा आडोसा केला, तर आतला दिवा चांगला नारिंगी जळत होता.

"नलाला करंट हाय," तो शांतपणे म्हणाला. "मावशी, तुम्हाला इथे कधी झटका बसला नाय?"

आई दारात उभी होती. "झटका नाय. मुंग्या येतात," ती म्हणाली. "हात लावला का कोपरापातूर. पाच-सा वर्सं झाली. मी सांगितला हाय हिला."

सांगितलं होतं. तीनदा तरी. "नलाला हात लावला का मुंग्या येतात गो," असं ती म्हणायची आणि मी तिच्या बोलण्यातला नळ गाळून मुंग्या तेवढ्या ऐकायचे. मी तिला पेणला डॉक्टरकडे नेलं होतं. साखर तपासली. थोडी वाढलेली निघाली, म्हणून त्या मुंग्यांना कारणही सापडलं. शिरांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या ती अजून घेत होती. आणि न्हाणीघरात रबरी सपाता घालून जायची म्हणून मी तिला दर रविवारी बोलायचे, कारण सपातांची घाण लादीवर येते. नळ ती पदराने धरून उघडायची, तेही मला म्हातारपणाचं सोवळं वाटलं होतं.

त्या क्षणी मला आईचा राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आला. मी म्हटलं, "अगं, मग ठणकावून सांगायचं ना."

"ठणकावला तं डाक्टरकडे नेतीस," ती म्हणाली.

वायरमनने घरातल्या पिना एकेक करून काढायला सुरुवात केली. मिक्सर, टीव्ही, वॉशिंग मशीन. टेस्टर जळतच होता. फ्रीजची पिन काढली आणि तो विझला. जुना फ्रीज, आतून करंटची थोडी गळती. पण फ्रीजची गळती नळात कशी येते हे मला कळेना. त्याने मला बाहेर नेऊन दाखवलं. सगळ्या सॉकेटांच्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरी एकत्र येऊन न्हाणीघराच्या मागे एका लोखंडी पाइपाला पिळून बांधल्या होत्या. पाण्याचा पाइप.

"पूर्वी असाच करायचे," तो म्हणाला. "पाइप जमिनीत खोल जातो, तीच अर्थिंग. चालायची पण."

"मग आता काय झालं?"

त्याने पायाने माती उकरली. भिंतीपाशी लोखंडी पाइप संपत होता आणि पुढे पांढरा प्लास्टिकचा सुरू होत होता. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. मग तो घरातल्या लोखंडी पाइपांतच राहतो, आणि ओल्या लादीवर उभं राहून नळाला जो हात लावेल त्याच्यातून वाट काढतो.

तो प्लास्टिकचा पाइप मी बसवून घेतला होता. सहा वर्षांपूर्वी जुना पाइप गंजून गळायला लागला तेव्हा, एका रविवारात, प्लंबरच्या मानेवर बसून. एका दिवसात काम उरकलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

वायरमन हात धुवायला गेला, नळापाशी थबकला आणि बाहेरच्या बादलीत हात धुतले. मग म्हणाला, "फ्रीजची गळती कमी, म्हणून मुंग्यांवर भागला. हा शॉवर याच अर्थिंगवर जोडला असता आणि आत काय बिघडला असता, तर मावशी पाण्याखाली, आणि पाण्यात करंट."

फ्रीज त्या दिवसापासून बंद ठेवला. आईने त्यात गणपतीपासूनची सुकट ठेवली होती, ती बाहेर काढायला लागली म्हणून ती दिवसभर कुरकुरत होती.

काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी शक्य तितकं गोड बोलले, पण वायरमन तिथेच होता आणि तो पाइपाकडे बोट दाखवून मोकळा झाला. काका त्याला म्हणाले, "मी बांधला तवा लोखान होता. प्लास्टिक कोनी लावला तिला विचार." ते खरंच होतं.  काका घरी गेले आणि पुढचे तीन रविवार आमच्या अंगणात फिरकले नाहीत. आई मला म्हणाली, "एक न्हानी गरम करायला निघालीस आनि घरातला मानूस तोडलास."

मधल्या वारांत मी पेणच्या वीज कार्यालयाच्या खेपा घालत होते. आमचा मंजूर भार अगदीच थोडा, दोन ट्यूबलाइट आणि पंख्यांच्या काळातला. तो वाढवायचा अर्ज केला. खिडकीतल्या माणसाने कागद बघितले आणि म्हणाला, "मीटर तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. त्यांची सही हवी."

"ते वारले."

"मग आधी नाव बदला."

नाव बदलायला मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, आणि सगळ्या वारसांची ना हरकत. मीटर आईच्या नावावर करायचा, म्हणून ना हरकत माझी आणि इंग्लंडातल्या भावाची. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "शॉवरला माझी ना हरकत कशाला? शॉवर मीच आणलाय." मी त्याला समजावलं. त्याने सही करून कागदाचा फोटो पाठवला. खिडकीतला माणूस म्हणाला, फोटो नको, मूळ कागद. मूळ कागद यायला तीन आठवडे लागले. त्यात भावाने पाकिटावर रोह्याचा पत्ता घातला आणि गाव नागोठणे लिहिलं. ते पाकीट नागोठण्याच्या पोस्टात नुसतं पडून होतं. कंपनीतून अर्धी रजा टाकून मी ते सोडवून आणलं. रजेच्या अर्जावर कारण काय लिहू हे कळेना, शेवटी "आईची आंघोळ" लिहायच्या बेतात होते, "घरगुती" लिहिलं.

एक रविवार वायरमन अर्थिंगचा खड्डा खणायला येणार होता. माणूसभर खोल खड्डा, त्यात पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि खडेमीठ थराथराने भरायचं. मिठाने ओल धरून राहते. मी रोह्याहून पोचले तर अंगणाच्या कडेला, नारळापाशी, खड्डा छातीइतका झालेला आणि आत काका. वर एक पोतं मीठ. वायरमन बाजूला बसून पाइपाला भोकं पाडत होता.

"काका, तुम्ही कशाला?"

"मीठ कोनचा पाहिजे ते याला काय ठाव," काका खालून म्हणाले. "दुकानातला बारीक मीठ आनत होता. ता पान्यात जाईल दोन पावसात."

वायरमनने मला बघून नुसती मान हलवली. मग दोघांनी मिळून खड्डा भरला, पाणी ओतलं. संध्याकाळी पुन्हा तो बल्ब सॉकेटात घातला. फेज आणि अर्थिंग. बल्ब भक्क पेटला. काकांनी ते दोनदा करायला लावलं.

त्यानंतर नवीन वायर, बोटाएवढी जाड, मीटरपासून थेट न्हाणीघरापर्यंत. शॉवरसाठी वेगळा स्विच, न्हाणीघराच्या बाहेर. आणि मेन बोर्डावर एक खटका, जो जराशी गळती झाली की सगळं घर बंद करतो. हा खटका पहिल्या महिन्यात अकरा वेळा पडला. आई दर वेळी मला फोन करायची, मी लॅबमध्ये हातमोजे काढून फोन घ्यायचे आणि ती म्हणायची, "गेली गो." मी वायरमनला फोन करायचे, तो म्हणायचा, "काय लावला होता?" शेवटी कळलं की जुन्या मिक्सरमध्ये गळती होती. मिक्सरही गेला. फ्रीज आधीच गेला होता. भाऊ म्हणाला, "एवढं सगळं एका शॉवरसाठी?" मी फोन ठेवून दिला. त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोललेच नाही.

भार वाढल्याचं पत्र होळीच्या आठवड्यात आलं. थंडी केव्हाच संपली होती. दुपारी अंगण तापून पाय भाजत होते. तरी रविवारी आम्ही सगळे जमलो. शॉवर भिंतीवर चढला. पाण्याचा पाइप जोडला. वायरमनने बाहेरचा स्विच टाकला, शॉवरवरचा लाल दिवा लागला. त्याने नळ सोडला. शॉवरमधून पाण्याची एक बारीक धार आली, करंगळीएवढी. गार. पाच मिनिटं वाट बघितली. गारच.

मी भावाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे सकाळ होती, तो अंथरुणातच होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "प्रेशर नाही वाटतं. कागदावर लिहिलंय ना."

कागदावर लिहिलं होतं. पाण्याला ठराविक दाब नसेल तर आतलं तापायचं सुरूच होत नाही, म्हणजे यंत्र जळू नये म्हणून. मी त्या पुस्तिकेतली विजेची चार पानं पाठ केली होती. पाण्याचं पान उलटलंच नव्हतं. आमची टाकी न्हाणीघराच्या पत्र्यावर, शॉवरपासून सहा फूट वर. त्या शॉवरला टाकी तीन-चार मजले वर हवी होती.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "काढा तो. साधा गिझर लावू. वायर आहे, अर्थिंग आहे, सगळं आहे. पंधरा लिटरचा गिझर उद्या आणते."

वायरमन म्हणाला, "मी पण तेच सांगनार होतो."

"नाय," आई म्हणाली. "त्यान इतक्या लांबून आनलाय. लागंल काय ते लावा."

"आई, मी सहा महिने—"

"तू केलास ना सगला. मग आता एवढ्यासाठी कशाला मोडतीस."

मी खूप चिडले होते. वायरमनकडे बघितलं, तो काकांकडे बघत होता, काका टाकीकडे. शेवटी वायरमनने सांगितलं की टाकीखाली दाबाचा एक लहान पंप बसवता येतो. पुढच्या रविवारी तो बसवला. पंप सुरू झाला की न्हाणीघराचा पत्रा थरथरतो आणि शेजारचं कुत्रं भुंकतं. पण पाणी जोरात आलं, आणि अर्ध्या मिनिटात त्यातून वाफ निघाली.

आई स्टुलावर बसून आंघोळ करून आली. केस पुसत म्हणाली, "बरा हाय." फोनवर भावाला तिने दहा मिनिटं सांगितलं किती बरा आहे ते. मला तेवढे दोनच शब्द.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती, पण त्या दिवशी चहा पिताना काका वायरमनला म्हणाले, "पुढच्या रईवारी रिकामा हायस का?"

"कशाला?"

"मी या आळीत बारा घरांची वायर केलेली. सगली पाइपाला बांधलेली. आता सगल्यांकडे प्लास्टिक झालाय."

 वायरमनने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "येतो."

मी त्या रविवारी त्यांच्याबरोबर फिरले, कारण काकांना एकट्याने जायचं नव्हतं, हे त्यांनी न सांगता मला कळलं. प्रत्येक दारात ते आधी सांगायचे, "वायर मी केली होती, जरा बघायची हाय." एका घरात लोकांनी आम्हाला बसवून पोहे दिले आणि नळ चांगला निघाला. एका घरात दारातूनच सांगितलं, "तुमच्या हातची एकदा झाली ना, बस झाला." काका तिथून पुढच्या घराकडे निघाले. पाच घरांत टेस्टर पेटला. त्यातल्या एका घरात एक बाई म्हणाली, "आमचा नल असाच हाय पहिल्यापासून, सकालच्या टायमाला झिनझिन्या येतात. आमाला वाटला पान्यालाच काय हाय." वायरमनने तिचा मेन स्विच बंद केला आणि काका तिथेच, तिच्या अंगणात, खड्डा कुठे खणायचा ते बघायला लागले.

आतापर्यंत त्या पाचांपैकी तीन घरांचं झालं आहे. मीठ काका आणतात. खणायला आता त्यांच्याने होत नाही, तरी उतरतात, आणि त्यावरून माझं त्यांच्याशी दर रविवारी भांडण होतं.